मुलांची ओपीडी संध्याकाळीही हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नागपुरातील एका रुग्णालयाच्या अपघात विभागात मी बरीच वर्षे परिचारिका होते. या विभागात येणारी लहान मुलांची गर्दी बहुतांशी ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या मोसमात येते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणूनच तिची तयारी आधी करता येते, असे मला ठामपणे वाटते.

सरकारी रुग्णालयांची ओपीडी प्रामुख्याने सकाळी चालते. बांधकामावर किंवा घरकामाला गेलेले आईवडील दिवेलागणीला घरी परततात, ताप बहुधा संध्याकाळीच चढतो आणि दम्याची धाप रात्री वाढते. साहजिकच जेवणवेळेनंतर बाकांवर जागा उरत नाही. कोपरापर्यंत सिमेंट वाळलेल्या हातांनी दोन वर्षांच्या मुलाला दोन चादरींत गुंडाळून धावत आलेले एक वडील मला अजून आठवतात. ‘‘सकाळपासूनच अंग तापलं होतं, सिस्टर, पण खाडा केला असता तर मजुरी बुडाली असती,’’ असे ते म्हणाले. मुलाला वाटेत फिट आली होती आणि कोणीतरी त्याच्या दातांत चमचा घातल्याने ओठ फाटला होता. सहा महिने ते पाच वर्षे वयात तापामुळे येणारी अशी फिट बहुतेक वेळा काही मिनिटांत थांबते. तेव्हा मुलाला कुशीवर वळवावे, तोंडात काहीही घालू नये, आणि फिट पाच मिनिटांहून अधिक लांबली तर १०८ क्रमांकावर फोन करावा. ‘एवढ्या रात्री का आणले’ असे अशा पालकांना मीही विचारले आहे. तो प्रश्न चुकीचा होता.

मोसमांचेही तसेच आहे. एप्रिल-मेमध्ये कूलरच्या पत्र्याला ओला हात लागून शॉक बसलेली मुले येतात; कूलरला नीट अर्थिंग असणे आणि पाणी भरण्याआधी प्लग काढणे एवढ्याने यांतील कित्येक प्रसंग टळतील. पावसाळ्यात हगवण, पुढे डेंग्यू, आणि संक्रांतीच्या सुमारास नायलॉन मांजाने चिरलेले गळे व बोटे. थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवलेले फिनाईल किंवा रॉकेल पिऊन आलेले मूल मात्र बारा महिने दिसते, आणि घरच्यांनी मिठाचे पाणी पाजून उलटी करवलेली असली तर ते द्रव्य फुप्फुसात जाण्याचा धोका वाढलेला असतो.

महापालिकेला माझी कळकळीची विनंती आहे की दाट वस्त्यांतील दवाखान्यांत बालरोगतज्ज्ञांची ओपीडी संध्याकाळी पाच ते रात्री दहा चालवावी. मेडिकल व मेयो ही सरकारी रुग्णालये आणि शहरातील इतर रुग्णालये यांतील अपघात विभागाच्या नोंदवहीत मुलाचे वय, येण्याची वेळ, वस्ती आणि कारण लिहिले जातेच. नावे वगळून त्याचा प्रभागनिहाय मासिक गोषवारा प्रसिद्ध केला, तर कोणत्या वस्तीत डॉक्टर रात्री हवा आणि कोणत्या वस्तीत पिण्याच्या पाण्याची नळवाहिनी आधी तपासायला हवी, हे ठरवता येईल. येत्या पावसाळ्यापूर्वी निदान दोन-तीन झोनमध्ये तरी याची सुरुवात व्हावी.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, नागपूर