वाळूजची नोकरी घेतली आहे

ती. बाबा आणि आई,
सा. न.

वाळूजची नोकरी मी घेतली. सोमवारी रुजू होतोय. फोनवर आई रडायला लागली की माझं बोलणं राहूनच जातं, म्हणून लिहून कळवतोय.

हुद्दा आधीपेक्षा खालचा आहे, पगारही थोडा कमी, पण काम माझ्या हातातलं आहे, गेज रूम आणि कॅलिब्रेशनचं, म्हणजे मोजमापाची साधनं तपासून अचूक ठेवायचं. बाबा, तुम्ही सारखं विचारता, एवढ्या अनुभवाच्या माणसाला नाही म्हणतात तरी कसे? अहो, नाही म्हणायला समोर माणूसच नसतो. बायोडेटा आधी कॉम्प्युटर चाळतो. जाहिरातीतले शब्द त्यात नसले की पुष्कळदा तिथेच अडकतो. डिप्लोमाचं साल टाकल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही, आणि 1992 टाकलं की वय कळलंच. एका मुलाखतीत मोबाइलवर प्रश्न यायचा, कोपऱ्यात सेकंद उलटे पळायचे आणि पडद्यावर माझाच चेहरा. वाळूजला साहेबांनी मायक्रोमीटर हातात दिला, म्हणाले, हा पार्ट मोजून दाखवा. तिथेच माझं ठरलं.

पेन्शन घेऊन घरी बस म्हणता, पण ईपीएसची, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शन योजनेची, पूर्ण पेन्शन वयाच्या 58 ला. आत्ता घेतली तर उरलेल्या दर वर्षामागे 4 टक्के कपात, तीही कायमची. सईचं शिक्षण अजून व्हायचंय. तुमच्या ठेवींना हात लावायचा नाही, हे माझं पक्कं आहे.

खोली बजाजनगरात मिळाली. गीझर आहे, खिडकीला जाळी आहे. खालीच खानावळ, रोज ज्वारीची भाकरी. आई, तू दिलेली गोधडी नेतोय. बाबा, पहिल्या मुलाखतीच्या वेळी तुम्ही कंपनीच्या गेटबाहेर डबा घेऊन दिवसभर बसला होतात. परवा गेटमधून बाहेर पडताना माझी नजर आपोआप तुम्हाला शोधत होती.

आता नीट ऐका. बरं वाटतंय म्हणून आईने बीपीची गोळी बंद करायची नाही. स्टुलावर चढून माळ्यावरचं काही काढायचं नाही, शेजारच्या बंडूला हाक मारा. रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवा, बिल मी भरतो. हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत रांग लावू नका. नोव्हेंबरात मी आलो की मोबाइलवर घरीच करू. साताऱ्याला येणं आता महिन्यातून एकदाच जमेल, पण फोन रोज रात्री जेवण झाल्यावर.

स्वातीची पूर्ण संमती आहे, तिला काही बोलू नका.

तुमचा,
बाळू