मत्राच्या सूकमध्ये जाण्यापूर्वी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तू आणि वहिनी जानेवारीत मस्कतला निघालात हे वाचून बरं वाटलं. किल्ले आणि मोठी मशीद कशी पाहायची ते कोणीही सांगेल. मस्कतमधल्या मत्रा भागातल्या सूकबद्दल मात्र तू एकच ओळ लिहिली आहेस, "बाजारात एक संध्याकाळ काढू." त्या एका संध्याकाळीसाठीच हे लांबलचक पत्र. तिथून लोक शाली, फ्रिजवर चिकटवायचे उंट आणि रंगीत दिवे घेऊन परततात, आणि ओमानच्या मातीतून, ओमानी हातांतून आलेलं जे काही आहे ते तिथेच राहतं. तुमचं तसं होऊ नये.

आधी भाषा. सूक म्हणजे बाजार. दुकान, किंमत, हिशेब, दलाल, अत्तर, साबण, खंजीर हे आपले रोजचे शब्द अरबीतही आहेत, त्यामुळे कानाला परकं वाटणार नाही. दुकानांत हिंदीही सर्रास चालते. कच्छ-सिंधकडचे व्यापारी कित्येक पिढ्यांपासून तिथे आहेत. पण याच ओळखीच्या शब्दांत एक मोठी फसगत दडलेली आहे, ती म्हणजे ऊद.

आपण तिन्हीसांजेला धुपाटण्यात ऊद घालतो. ती एका झाडाची राळ असते, मुख्यतः सुमात्राकडून येणारी. तिलाच आपण लोबानही म्हणतो. अरबी माणूस तिला 'लुबान जावी' म्हणतो, म्हणजे जावाकडचा लुबान. नुसतं 'लुबान' म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे दक्षिण ओमानमधल्या धोफारच्या डोंगरातल्या वेगळ्याच झाडाचा चीक येतो. आणि 'ऊद' म्हणजे तर राळच नव्हे, ते अगरूचं लाकूड. तू दुकानात जाऊन "ऊद दाखवा" म्हणालास, तर तो काळपट ढलप्यांची डबी पुढे ठेवेल आणि ग्रॅमवर असा भाव सांगेल की तुला बाजारच महाग वाटेल. तेव्हा लुबानच माग.

लुबान ही या बाजाराची खरी वस्तू. ते झाड म्हणजे बोस्वेलिया सेक्रा. आपल्या सातपुड्यातल्या रानातली साळई त्याच कुळातली, त्यामुळे साळईचा डिंक हुंगलेल्या माणसाला लुबानचा वास दूरच्या नातेवाइकासारखा वाटतो. धोफार मस्कतपासून हजारेक किलोमीटरवर, सलालाह शहराच्या बाजूला. उन्हाळा सुरू झाला की तिथे 'मनकफ' नावाच्या हत्याराने खोडाची साल थोडी खरवडतात. पांढरा चीक बाहेर येतो आणि वाळून त्याचे थेंब होतात. पहिल्या खेपेचा चीक चांगला धरत नाहीत. दोनेक आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा खरवडतात, मग तिसऱ्यांदा, आणि या पुढच्या खेपांचा माल मोलाचा. या लुबानभूमीला युनेस्कोने २००० साली जागतिक वारशात घेतलं.

प्रती रंगावरून आणि प्रदेशावरून ठरतात. सगळ्यात वरची 'हौजरी'. ती डोंगरापलीकडच्या कोरड्या बाजूची, जिथे पावसाळी धुकं पोचत नाही. तिचे खडे मोठे, फिकट हिरवट किंवा दुधी, आरपार उजेड जाईल असे. नजदी, शजरी, शाबी ही नावंही ऐकू येतील. शाबी किनाऱ्याकडची, गडद आणि स्वस्त. सोमालियाचा लुबानही इथे विकला जातो. तो टाकाऊ नाही, पण हौजरीच्या भावाने घेऊ नये. दुकानदाराला सरळ विचार, "हौजरी आणि शाबी शेजारी शेजारी ठेवा." दोन्ही एकत्र पाहिले की पुढच्या दुकानात तुला कोणी शिकवायला नको.

पारख अशी. एक खडा दोन बोटांत धरून फोड. आतून काचेसारखा तुटला पाहिजे आणि लिंबाच्या सालीसारखा ताजा वास आला पाहिजे. चिकट लागला आणि टर्पेंटाइनचा वास आला, तर त्यात चीडाची राळ मिसळली आहे असं समज. आणखी एक कसोटी पाण्याची. दोन खडे पेलाभर पाण्यात रात्रभर ठेव. लुबानमध्ये राळेबरोबर पाण्यात विरघळणारा डिंकही असतो, म्हणून सकाळी पाणी दुधाळ होतं. नुसत्या राळेने ते होत नाही. म्हणून पहिल्या दिवशी पन्नास ग्रॅमच घे, हॉटेलवर ही परीक्षा कर आणि मग मोठी खरेदी कर. तिथले लोक हे पाणी पितातही, पण जाळण्यासाठी विकलेला माल पिऊ नये, त्यात साल आणि धूळ असते. घरासाठी शंभर-दीडशे ग्रॅम हौजरी पुष्कळ झाली. रोज जाळायला मधली प्रत घ्यावी आणि हौजरी सणासुदीला ठेवावी, असं मला वाटतं.

आता जाळण्याचं, कारण चांगला लुबान बहुतेक घरांत इथेच वाया जातो. तिथे मातीचा 'मजमर' मिळतो, रंगवलेला, तळहाताएवढा. आपलं पितळी धुपाटणंही चालेल, मात्र तळाला बोटभर राख किंवा मीठ हवं, नाहीतर भांडं तापून खालचं लाकूड करपतं. झटपट पेटणाऱ्या कोळशाच्या गोल वड्यांत सोरा असतो. काडी लावली की त्या तडतडतात आणि उग्र वास सोडतात. पूर्ण वडीवर पांढरी राख चढेपर्यंत, म्हणजे पाच-सात मिनिटं, काही टाकायचं नाही. इथे घाई केली की सोऱ्याचा वास लुबानला लागतो आणि माणूस दुकानदाराला दोष देतो. राख चढली की वाटाण्याएवढे तीन खडे मधोमध न ठेवता कडेला ठेवायचे. मधोमध आच फार असते, खडा उकळून काळा पडतो आणि डोळ्यांत झोंबणारा धूर निघतो. कडेला तो हळू वितळतो, आधी लिंबासारखा, मग लाकडासारखा वास येतो. खडा काळा पडू लागला की चिमट्याने काढून टाकायचा. काकूंच्या देवघरात असा एकदा लावून दे, मग त्या तुला दुसरं काही मागणार नाहीत.

अगरूचं लाकूड, म्हणजे तिथला ऊद, हा जाणकारांचा माल. हलक्या लाकडाला तेल पाजून काळं करून विकण्याचा धंदा सगळीकडे चालतो. रंगावर जाऊ नकोस, ढलपी कोमट हातात चोळली आणि बोटाला रंग लागला तर सोडून दे. घ्यायचंच असेल तर अत्तर घे. ते सगळ्या आखातात तोळ्यावर विकतात, आपलाच तोळा, ११.६६ ग्रॅम. पाव तोळ्याची कुपी म्हणजे साधारण तीन मिलिलिटर, आणि तेवढी वर्षभर पुरते. मनगटावर लावून निदान अर्धा तास बाजारात हिंडावं आणि मग ठरवावं. पहिल्या पाच मिनिटांचा वास सगळ्याच अत्तरांचा गोड असतो.

चांदीच्या गल्लीत तुला एक मोठं नाणं जागोजागी दिसेल, त्यावर ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीचा चेहरा आणि १७८० हे साल. विकणारा ते जुनं म्हणून सांगेल. राणी त्याच साली वारली, पण हे नाणं नंतरही तेच साल घालून ठिकठिकाणी पाडलं गेलं, कारण अरबस्तानात लोकांचा विश्वास त्याच चेहऱ्यावर होता. आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही १९४०-४१ मध्ये ही नाणी पाडली आहेत. तेव्हा सालावर पैसे देऊ नकोस. वजन २८.०७ ग्रॅम, त्यात हजारी ८३३ भाग चांदी, तेवढाच हिशेब धर. मी तर म्हणेन, हे नाणं जरूर घे, ते हातात धरलं की एडनपासून मुंबईपर्यंतचा सगळा व्यापार हातात येतो. मात्र भाव चांदीचा दे. जुने ओमानी दागिने हीच नाणी वितळवून केलेले असत, म्हणून त्यांची चांदी आजच्या ९२५ पेक्षा कमी कसाची असते आणि त्यांवर शिक्का नसतो. उलट 'जुन्या' दागिन्यावर ९२५ चा स्वच्छ शिक्का दिसला तर तो नवा आहे. काट्यावर वजन करून मागायला संकोच नको. चांदीचा आणि घडणावळीचा भाव वेगळा सांगायला लाव, जसा आपण सराफाकडे सांगायला लावतो.

खंजीर बघ, पण घेण्याआधी मुठीची चौकशी कर. जुन्या मुठी गेंड्याच्या शिंगाच्या किंवा हस्तिदंती असत. त्या देशाबाहेर नेणं-आणणं बेकायदा आहे आणि नैतिकदृष्ट्याही घेऊ नये. लाकडाची मूठ घ्यावी. म्यान उलटून बघ, मागची बाजू निष्काळजीपणे केलेली असेल तर पुढची नक्षी साच्याची असते. खंजीर विमानात हातातल्या बॅगेत चालत नाही, चेक-इनच्या सामानातच घालावा लागतो.

माझ्या मते सगळ्यात कमी कदर होणारी वस्तू कुम्मा, म्हणजे ओमानी भरतकामाची टोपी. हाताने केलेल्या कुम्म्यात बारीक छिद्रांभोवती दोऱ्याचा काठ शिवलेला असतो, आणि एका टोपीला महिनाभर किंवा जास्तही लागतो. ती उलटी करून उजेडात धर. हातकामाच्या छिद्रांतून उजेड येतो, यंत्राच्या टोपीत आतून सैल दोऱ्यांचं जाळं दिसतं आणि छिद्रं नुसती वाटावीत म्हणून भरलेली असतात. भावात कित्येक पटींचा फरक असतो आणि तो रास्त आहे. डोक्याचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून ने. शालींना हात लावू नकोस, त्या बहुतेक आपल्याकडूनच तिथे जातात.

खाण्याचं थोडक्यात. ओमानी हलवा म्हणजे स्टार्च, साखर, तूप, केशर, वेलची, गुलाबपाणी. तांब्याच्या कढईत तासन्‌तास ढवळलेला. आपल्या कराची हलव्याच्या जातीचा, पण मऊ, चमच्याने खायचा. चाखायला मागितला तर देतात. फ्रिजमध्ये ठेवू नये, तूप गोठून तो कडक होतो. खजुरात 'खलास' घे. आणि 'लूमी', म्हणजे मिठाच्या पाण्यात उकळून वाळवलेली काळी लिंबं, वहिनींना दाखव. वजनाला हलकी आणि कानाशी हलवल्यावर खुळखुळणारी घ्यावीत. आमटीत टाकताना दोन भोकं पाडून बिया काढायच्या, नाहीतर आमटी कडू होते.

पैशांचं नीट समजून घे. एक रियाल म्हणजे हजार बैसा, आणि बैसा म्हणजे आपला पैसाच. १९७० पर्यंत तिथे रुपया चालत असे, त्याची ती खूण. म्हणून भाव तीन दशांश स्थळांत लिहितात, १.५०० म्हणजे दीड रियाल. दुकानदार "पाचशे" म्हणाला तर ते अर्धा रियाल, घाबरू नकोस. उलट "फक्त पाच" म्हणाला तर ते पाच रियाल, म्हणजे हजार रुपयांच्या वर, तेव्हा हुरळूही नकोस. एक आणि अर्ध्या रियालच्या सुट्या नोटा जवळ ठेव. घासाघीस चांदी, खंजीर, दिवे यांत भरपूर चालते, लुबानात थोडी, हलव्या-खजुरात नाही. आधी सलाम, मग चौकशी, मग भाव. तू सांगितलेला भाव त्याने मान्य केला की वस्तू घ्यावीच लागते, म्हणून घ्यायचं नसेल तर आकडा तोंडातून काढू नकोस. "ला, शुक्रन", म्हणजे "नको, धन्यवाद", एवढं पुरे.

वेळ साधारण सकाळी नऊ ते एक, मग दुपारी बंद, पुन्हा चार-पाचपासून रात्री दहा. शुक्रवारी सकाळी बंद. बंदरात पर्यटकांचं मोठं जहाज लागलेलं दिसलं तर ती वेळ टाळ, भाव आणि गर्दी दोन्ही चढतात. समुद्राकडच्या दारातून शिरल्यावर पहिली पन्नास पावलं सगळा माल पाहुण्यांसाठी मांडलेला आहे. तिथे थांबू नकोस, आत चढत जा, कापडाच्या आणि मसाल्यांच्या गल्ल्यांत स्थानिक बायका खरेदी करतात तिथे. बाजार ओढ्याच्या पात्रात वसला आहे, आभाळ भरून आलं तर आत अडकून राहू नका, पाणी थेट गल्लीत येतं. शेजारी लवाती समाजाची तटबंदीतली वस्ती आहे. ती राहती घरं आहेत, दारातून कॅमेरा घेऊन आत जाऊ नये. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे दोघांचेही असू द्या.

शुक्रवार मोकळा असेल तर पहाटे पाचला निघून निझवाला जा, दीडशे किलोमीटर आहे. सातच्या सुमारास गुरांचा लिलाव सुरू होतो. दलाल शेळी-बोकडांना दोरीला धरून गोल फिरतात आणि भाव पुकारतात, गिऱ्हाइकं आतून-बाहेरून बसलेली. वाटेत उभा राहू नकोस, कडेला उभा राहा, आणि बैल आत येऊ लागले की दोन पावलं आणखी मागे. नऊपर्यंत सगळं आटपतं. मग तिथल्याच सूकमध्ये मातीचा मजमर घे, मत्रापेक्षा निवड चांगली असते. संध्याकाळी परत येऊन लुबानची दुसरी खरेदी कर, तोवर पाण्याच्या पेल्याचा निकाल लागलेला असेल.

लुबान काचेच्या बरणीत भर, प्लॅस्टिकला त्याचा वास लागतो आणि मग जात नाही. मजमर टोपीत गुंडाळून बॅगेच्या मधोमध ठेव. आणि पन्नास ग्रॅम हौजरी माझ्यासाठी आण, हिरवट खडे निवडून.

वहिनींना नमस्कार, काकूंना शिरसाष्टांग दंडवत.

तुझाच