‘हात ठेवू का?’ हे विचारलंत म्हणून

ताई,
सा. न. वि. वि.

रेकी (शांत वाटावं म्हणून अंगावर हलके हात ठेवायची जपानी पद्धत) आणि सौम्य योगाची ओळख करून द्यायला आपण तीन सकाळी आलात. आभार त्याच वेळी मानले होते, पण घाईत. म्हणून हे पत्र.

दुसऱ्या दिवशी सगळे शवासनात होते. आपण एकेकाच्या उशाशी येऊन हळू आवाजात विचारत होतात, “हात ठेवू का?” खिडकीजवळच्या काकूंनी “नको” म्हटलं. आपण “बरं” म्हणालात. का नको, ते विचारलं नाहीत. त्यांच्या पायांवरची चादर सरकली होती ती नीट केलीत, घोट्यांखाली खोचलीत आणि बाकीच्यांना दिला तेवढाच वेळ त्यांच्याजवळ बसून राहिलात, दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर ठेवून. रेकीत अंगाला न लावता चार बोटं वरही हात धरतात. आपण तेही केलं नाहीत. “नको” ला इतका मान देणारं माणूस या वर्गात आम्ही पहिल्यांदाच पाहिलं.

याआधी जे शिकवायला येऊन गेले त्यांनी कधी विचारलं नाही. पश्चिमोत्तानासनात, म्हणजे पाय पसरून पुढे वाकलेलं असताना, मागून पाठीवर दाब, वर “दुखल्याशिवाय सुटणार कसं?” हाडं ठिसूळ झालेल्या बाईला असं पुढे वाकवून दाबलं तर मणका दबून मोडू शकतो, हे शिकवणाऱ्याला माहीत असायलाच हवं. आणि हे महाराष्ट्रात व्हावं! स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि आसनांचा शरीरावर काय परिणाम होतो ते मोजून पाहिलं. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी लोड, वीट, दोर, खुर्ची वापरात आणली, ती ज्याचा हात पोचत नाही त्यालाही आसन करता यावं म्हणून. एवढं सगळं दाराशी असताना लोकांच्या पाठी दाबत बसायचं?

रेकीवाल्यांचा अनुभव त्याहून वाईट. दीक्षा घेतली की मधुमेहाची गोळी सुटेल, असं एकाने छातीठोक सांगितलं होतं. आपण पहिल्याच दिवशी स्पष्ट केलंत, की रेकीने आजार बरा होतो असा भक्कम पुरावा नाही. शांत वाटतं, झोप लागते असं बरेच लोक सांगतात, तेवढ्यासाठी करायची आणि डॉक्टरांची एकही गोळी चुकवायची नाही. मिकाओ उसुई यांनी 1922 मध्ये जपानमध्ये ही पद्धत सुरू केली, हेही आपण साधेपणाने सांगितलंत. क्योटोजवळच्या कुरामा डोंगरावरचा 21 दिवसांचा उपवास ही परंपरेने चालत आलेली हकीकत आहे, हे सांगायलाही विसरला नाहीत. त्यांच्या पाच तत्त्वांतलं “आजच्या दिवसापुरतं रागावू नको, काळजी करू नको” हे बऱ्याच जणांनी वहीत लिहून घेतलंय.

आपण शिकवलंत ते आता रोज चाललंय. जे आले नव्हते त्यांच्यासाठी इथेच लिहितो. जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यायचे. आधी खुर्चीत बसून मार्जारासन, श्वास घेताना छाती पुढे, सोडताना पाठ गोल, सहा वेळा. हाडं ठिसूळ असतील त्यांनी गोल न करता पाठ नुसती सरळ आणायची. मग शवासन. गुडघ्यांखाली लोड घेतला की कंबरेची पोकळी कमी होते आणि कंबर जमिनीला टेकते. डोक्याखाली चादरीची घडी इतकीच, की कपाळ हनुवटीपेक्षा किंचित वर राहील. हनुवटी वर गेली तर मान मागे ताणली जाते आणि मग दहा मिनिटांनी डोकं दुखतं. पुष्कळांचं शवासन इथेच बिघडतं. दोन पायांत दीड फूट अंतर, हातांचे तळवे आकाशाकडे. अंग गार पडतं म्हणून पांघरूण आधीच घ्यायचं. श्वास चार अंकांत आत, सहा अंकांत बाहेर. मध्ये रोखायचा नाही, रक्तदाबवाल्यांनी तर नाहीच.

मग स्वतःचेच हात: डोळ्यांवर, कानशिलांवर, डोक्यामागे, छातीवर, बेंबीवर, प्रत्येक ठिकाणी तीन मिनिटं. खांदे वर उचलले जात असतील तर कोपरांखाली उशी घ्यायची, नाहीतर हात भरून येतात आणि सगळं लक्ष तिकडेच जातं. उठताना कुशीवर वळून, थोडं थांबून, हाताने जमीन दाबत उठायचं. ताडकन उठलं की चक्कर येते.

काचबिंदू असलेल्यांनी विपरीत करणी (पाठीवर पडून पाय वर करायचं आसन) करायची नाही, हे आपण त्यांना बाजूला घेऊन सांगितलंत, चारचौघांत नाही. असं वागणारी माणसं असतात म्हणून लोक पुन्हा सतरंजी काढतात, ताई.

खिडकीजवळच्या काकू रोज येतात. परवा शेजारच्या आजींच्या पायांवरून चादर सरकली होती. काकूंनी उठून आधी विचारलं, मग ती घोट्यांखाली खोचली.

आपले दोन लोड इथेच राहिलेत. खोळी धुऊन, उन्हात वाळवून ठेवल्या आहेत. याल तेव्हा न्या.

आपले,
सकाळच्या वर्गातले सगळे