दुधातलं गुलाबी प्रथिन

उप्साला, 14 नोव्हेंबर

ती. बाबा आणि आई यांस सा. न.

बाबा, "दुधातून एकच प्रथिन हवं तर गाळून का घेत नाही?" या तुमच्या प्रश्नाचं उत्तर फोनवर अर्धंच राहिलं.

गाळून जमत नाही. मला हवं असलेलं लॅक्टोफेरिन आणि दुधातलंच सीरम अल्ब्युमिन यांच्या आकारात फारसा फरक नाही, त्यामुळे बारीक जाळीतही दोन्ही एकत्रच राहतात. त्यात गाईच्या लिटरभर दुधात सगळी प्रथिनं मिळून तीसेक ग्रॅम आणि लॅक्टोफेरिन जेमतेम 0.1 ग्रॅम. म्हणून आम्ही आकार सोडून विद्युतभार धरतो. दुधाचा पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, असतो 6.6 च्या आसपास. तिथे बहुतेक प्रथिनांवर ऋण भार असतो, लॅक्टोफेरिनवर मात्र धन. कॉलम म्हणजे मण्यांनी भरलेली उभी नळी; तिच्यातल्या बारीक मण्यांवर ऋण भाराचे गट बसवलेले असतात. साय काढलेलं दूध वरून सोडलं की बाकीची बहुतेक प्रथिनं वाहून जातात, लॅक्टोफेरिन मण्यांना चिकटून राहतं.

मग कॉलम धुवायचा, खालून येणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत. त्यानंतर मिठाचं पाणी. सौम्य असताना आधी लॅक्टोपेरॉक्सिडेज सुटतं, तेही धन भाराचं, मण्यांना चिकटलेलं दुसरं प्रथिन. मीठ वाढवलं की सोडियमचे आयन मण्यांवरची जागा घेतात आणि लॅक्टोफेरिन खाली उतरतं, चक्क फिकट गुलाबी! तो रंग त्याने धरलेल्या लोहाचा. पांढऱ्या दुधातून तो रंग नळीत उतरताना दिसला की अजूनही मी हातातलं काम सोडून बघत राहते. यात कुठे उकळणं नाही, तीव्र आम्ल नाही, त्यामुळे प्रथिनाची घडी मोडत नाही. जंतूंना लागणारं लोह पकडून ठेवण्याचं त्याचं कामही शाबूत राहतं. मला या पद्धतीचं सगळ्यात मोल वाटतं ते याचंच.

आई, म्हणूनच तू म्हणतेस तसं पनीरचं पाणी चालणार नाही, ते उकळलेल्या दुधाचं. चिकात मात्र लॅक्टोफेरिन दुधाच्या कितीतरी पट असतं. पण खरवसासाठी तो वाफवला की त्याचीही घडी गेलीच.

आणि हो, आर्ने टिसेलियस याच गावच्या विद्यापीठातले. विद्युतकण संचलन (विजेच्या जोरावर भारित कण वेगळे करणं) आणि अधिशोषण विश्लेषण (पृष्ठभागाला चिकटण्यातल्या फरकावरून पदार्थ वेगळे करणं) यांवरच्या कामासाठी त्यांना 1948 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मेमध्ये पुण्याला येते आहे. पाषाणला एनसीएलमधल्या (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या) मैत्रिणीकडे जायचंय, तेव्हा बाबा, तुम्हीही चला. तिच्याकडचा कॉलम चालू असला तर प्रत्यक्षच दाखवते.

तुमची,
मनू