व्हर्सायची बंद कारंजी आणि आमचे तेरा हजार रुपये

नाशिक, दि. १६ जून २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
युरोप सहल विभाग, नाशिक कार्यालय

विषय : २६ मे २०२५ च्या व्हर्साय भेटीत न दाखवलेल्या गोष्टींचे पैसे परत मिळण्याबाबत

महोदय,

आपल्या मे महिन्यातल्या युरोप सहलीत मी आणि माझी आई, आम्ही दोघी होतो. माणशी २,३८,००० रुपये भरले. त्याखेरीज पॅरिसजवळच्या व्हर्साय राजवाड्यासाठी ‘राजवाडा व कारंजी विशेष’ म्हणून आपण माणशी ६,५०० रुपये वेगळे घेतलेत. जेवण, हॉटेल, बस यांबद्दल माझे काही म्हणणे नाही. तक्रार एकाच दिवसाची आहे, पण त्या दिवसासाठीच आम्ही ही सहल घेतली होती.

आई ७१ वर्षांची आहे. मखमलाबादची आमची छोटी रोपवाटिका तिने चाळीस वर्षे सांभाळली. कलमे बांधून बांधून तिच्या अंगठ्याला कायमचा घट्टा पडला आहे. आपल्या माहितीपत्रकात ‘गुलशनाबादकरांसाठी राजाची बाग’ असा मथळा होता (गुलशनाबाद हे नाशिकचेच जुने नाव) आणि खाली तिथल्या लॅटोना या रोमन देवीच्या कारंज्याचा पानभर फोटो. ते पान तिने देवघराच्या कपाटाला चिकटवून ठेवले होते. गुडघे दुखतात, तरी जानेवारीपासून रोज सकाळी गोदापार्कवर चालायचा सराव केला. का, तर बाग मोठी आहे, मध्येच बसावे लागू नये.

छापील कार्यक्रमात व्हर्साय रविवारी, २५ मे रोजी होते. शनिवारी रात्री साडेनऊला ग्रुपवर निरोप आला : उद्या पॅरिसमध्ये खरेदी, व्हर्साय सोमवारी. कारण दिले नाही. कंपनीने बघूनच बदल केला असेल, असे आम्ही सगळे धरून चाललो.

व्हर्सायचा राजवाडा दर सोमवारी बंद असतो. कारंजी उन्हाळ्यात शनिवार-रविवारी सोडतात, काही आठवडे मंगळवारीही, सोमवारी नाही. हे वेळापत्रक कोणालाही आधी बघता येते. शिवाय सोमवारी नुसत्या बागेत जायला तिकीटही लागत नाही. म्हणजे जिथे आम्ही फुकट गेलो, तिथले आपण दोघींचे १३,००० रुपये घेतलेत. आणि आपले टूर मॅनेजर आम्हाला म्हणाले, “टेक्निकल प्रॉब्लेम आहे, आज सकाळीच झाला.” चूक झाली असे ते म्हणाले असते, तर हे पत्र इतके लांबले नसते.

आई लॅटोनाच्या कुंडाच्या कठड्याशी उभी होती. वर संगमरवरी आई आणि तिला बिलगलेली दोन मुले, खाली सोनेरी बेडूक, माना वर करून, तोंडे उघडी. कुंडात पाणी होते, पण हलत नव्हते. जवळच्या बेडकाच्या तोंडात नळीचे टोक स्पष्ट दिसत होते, कोरडे. आईने विचारले, “ह्याच्यातूनच येतं ना पाणी?” मी हो म्हटले. ती बराच वेळ तिथेच थांबली, जणू कोणी तरी चावी फिरवेल.

ही कथा तिला माहीत होती : तहानलेल्या आईला आणि तिच्या लेकरांना गावकऱ्यांनी पाणी पिऊ दिले नाही, म्हणून ते बेडूक झाले. आंद्रे ल नोत्रने १६६१ पासून ही बाग आखली, तेव्हापासून तिथे पाण्याची ओढ होती, हेही मी तिला सांगितले होते. सगळी कारंजी एकदम चालवायला पाणी पुरत नसे. राजा चौदावा लुई फिरायला निघाला की कारंजेवाले शिट्ट्या वाजवून एकमेकांना खूण करायचे. तो येईल तिथले सोडायचे, तो पुढे गेला की बंद. आई लगेच म्हणाली होती, “म्हणजे आपल्या पाटाच्या आवर्तनासारखंच की.” ते बघायलाच ती एवढ्या लांब आली होती.

वेळही किती दिलात? एक तास दहा मिनिटे. तिथला मोठा कालवाच दीड किलोमीटरहून लांब आहे. बाग कोणत्या क्रमाने बघावी, हे त्या राजाने स्वतः लिहून ठेवले आहे : आधी गच्चीवर थांबायचे, समोरचा सगळा पसारा नजरेत घ्यायचा, मग खाली उतरायचे. आम्हाला गच्चीवरून घाईने पुढे नेले. दक्षिणेच्या कठड्यावरून खाली ऑरेंजरी दिसते. हिवाळ्यात आत ठेवलेली संत्री, लिंबू, कण्हेर आणि डाळिंबाची झाडे लाकडी पेट्यांसकट उन्हाळ्यात बाहेर काढून मांडतात. आईचे माहेर डाळिंबांच्या सटाण्याचे. डाळिंब पेटीत कसे जगवतात, मुळे किती वर्षांनी छाटतात, माती कोणती घालतात, हे तिला बघायचे होते, विचारायचे होते. ती वाकून बघत होती तेवढ्यात मागून हाक आली, “मावशी, चला, बस थांबलीय.”

परत आल्यावर मी आपल्या कार्यालयात तीनदा फोन केला. पहिल्यांदा उत्तर मिळाले, “बाग तर दाखवली ना?” तिसऱ्यांदा पुढच्या सहलीत माणशी २,००० रुपये सूट देऊ असे सांगितले. ती सूट आम्हाला नको.

१३,००० रुपये पूर्ण परत करावेत. दिवस कोणी आणि कशासाठी बदलला, हे लेखी कळवावे. आणि पुढच्या प्रत्येक गटाला व्हर्साय सोमवारी दाखवणार असाल, तर कारंज्यांचा फोटो छापू नका. पैसे घेण्याआधी तसे स्पष्ट सांगा. आमच्या गटात आईच्या वयाचे आणखी सहाजण होते. त्यांच्यापैकी बहुतेकांना पुन्हा एवढा प्रवास झेपणार नाही.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार मी नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. भरलेली रक्कम पाच लाखांच्या आत असल्याने त्याला शुल्कही लागत नाही. कागद तयार आहेत.

आईने ते पान अजून कपाटावरून काढलेले नाही.

आपली,
मे २०२५ च्या गटातील प्रवासी
(गंगापूर रोड, नाशिक)

सोबत : दोन्ही पावत्या, छापील कार्यक्रम, शनिवारी रात्रीच्या निरोपाची प्रत, कोरड्या कारंज्याचे चार फोटो