भावी डॉक्टरांना रुग्णाचा अनुभव कसा शिकवावा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रुग्णालयात नातेवाईक आणि निवासी डॉक्टर यांच्यात वाद झाला की सुरक्षारक्षक वाढवण्याची मागणी होते. मागणी रास्तच आहे. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध राज्यात २०१० पासून कायदाही आहे. परंतु भडका अनेकदा उडतो तो वेळेवर न सांगितलेल्या एखाद्या गोष्टीवरून, आणि नीट सांगणे हे टाके घालण्याइतकेच शिकवून येणारे कौशल्य आहे. कळव्यापासून नेरूळ-कामोठ्यापर्यंत आपल्या भागात वैद्यकीय महाविद्यालये आहेत, म्हणून हा विषय इथल्या वाचकांच्या घरचाच आहे.

अभ्यासक्रमात तो नाही असे नाही. भारतीय वैद्यक परिषदेने २०१८ मध्ये वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांवर २७ पाठांची पुस्तिका काढली आणि २०१९ च्या एमबीबीएस तुकडीपासून तो भाग सक्तीचा झाला. अडचण अंमलबजावणीत आहे. संपूर्ण तुकडी सभागृहात बसवून ‘सहानुभूती’वर स्लाइड दाखवायच्या आणि लॉगबुकवर सह्या घ्यायच्या, एवढ्याने काही साधत नाही. मुलगा रुग्णाशी बोलायला शिकतो तो सिनियरच्या राऊंडमध्ये. तिथे रुग्णाचा उल्लेख ‘बारा नंबरचं अपेंडिक्स’ असा होत असेल, तर सभागृहातला तास वाया गेला असे समजावे.

दुसरा घोळ ‘समाधान’ (रुग्ण खूश आहे का) आणि ‘अनुभव’ (त्याच्या बाबतीत प्रत्यक्ष काय घडले) यांची गल्लत करण्याचा. साध्या सर्दीतापाला सलाईन लावले की आपल्याकडे रुग्ण खूश होतो आणि गरज नसताना अँटिबायोटिक लिहून दिले की कुटुंबही निश्चिंत होते. २०१२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अधिक समाधानी रुग्णांचा औषधांवरचा खर्च जास्त आणि मृत्यूचे प्रमाणही जास्त आढळले. एकामुळे दुसरे घडते, असे त्यावरून सिद्ध होत नाही. तरी ‘खूश आहात का?’ या प्रश्नावर शिकाऊ डॉक्टरला जोखणे धोक्याचे आहे, हे त्यातून कळते. विचारायचे ते घडलेल्या गोष्टींबद्दल. डॉक्टरांनी स्वतःचे नाव सांगितले का? तुमचे बोलणे पूर्ण ऐकले का? तपासण्यापूर्वी पडदा ओढला का? प्रत्येक गोळी कशासाठी ते सांगितले का? कोणता त्रास झाला तर लगेच परत यायचे, ते सांगितले का? या प्रश्नांना ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर येते आणि ‘नाही’ आले तर काय सुधारायचे तेही कळते. रुग्णांचा प्रतिसाद घेणारी केंद्र सरकारची ‘मेरा अस्पताल’ व्यवस्था २०१६ पासून आहे, पण ती रुग्णालयासाठी आहे. इंटर्नपर्यंत, म्हणजे शिकाऊ डॉक्टरपर्यंत, पोहोचेल असा प्रतिसाद त्याच्या युनिटमधूनच (तो ज्या डॉक्टरांच्या पथकात काम करतो तिथूनच) गोळा करावा लागेल.

गोळा करण्याची पद्धत चुकली तर सगळेच मुसळ केरात. डिस्चार्ज कार्ड हातात देताना, सिस्टर आणि डॉक्टर समोर उभे असताना फॉर्म भरून घेतला, तर सगळे ‘उत्तम’च येते, पुन्हा याच दारात यायचे आहे, ही भीती असते. बऱ्याचदा फॉर्म नातेवाईकच भरतात. अमेरिकेतील राष्ट्रीय सर्वेक्षणात रुग्णाला घरी जाऊन ४८ तास झाल्यावरच आणि सहा आठवड्यांच्या आत विचारतात. आपल्याकडे वैद्यकीय समाजसेवा विभागातून, उपचार करणाऱ्या युनिटबाहेरच्या व्यक्तीने, पाच प्रश्नांचा फोन केला तरी पुरेल. मात्र दहा जणांच्या उत्तरांवर निष्कर्ष काढू नयेत. एक रुग्ण नाराज झाला तर आकडा थेट दहा टक्क्यांनी घसरतो.

शिकवण्याचा खरा मार्ग म्हणजे पाहणे. प्रत्येक पोस्टिंगमध्ये किमान एकदा शिक्षकाने इंटर्नला खऱ्या रुग्णाशी बोलताना १० ते १५ मिनिटे मध्ये न बोलता पाहावे. नंतर बाजूला नेऊन पाच मिनिटांत एक जमलेली आणि एक बदलायची गोष्ट सांगावी. रुग्णासमोर कधीच नाही; तिथे झालेली शोभा विद्यार्थी विसरत नाही आणि पुढे तोही ज्युनियरशी तसाच वागतो. बदलायची पहिली गोष्ट बहुतेकांची एकच निघते, ती म्हणजे रुग्णाचे बोलणे मध्येच तोडणे. १९८४ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत रुग्णाला थांबवत होते.

त्यानंतर शिकवायचे ते उलट विचारणे. ‘समजलं ना?’ म्हटले की रुग्ण मान डोलावतो. त्याऐवजी ‘मी नीट सांगितलं का ते बघायचंय, घरी गेल्यावर औषध कसं घेणार ते मला सांगा’ असे म्हणावे. इन्शुलिनच्या बाबतीत तर रुग्णाच्या हातात सिरिंज देऊन भरून दाखवायलाच लावावे. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० आणि १०० युनिट अशा दोन्ही ताकदींचे इन्शुलिन मिळते. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची नारिंगी. १०० चे इन्शुलिन ४० च्या सिरिंजने त्याच आकड्यापर्यंत भरले, तर डोस अडीचपट जातो आणि साखर एकदम खाली येते. ‘सगळं समजावलं होतं’ या वाक्याला अशा वेळी काहीच अर्थ उरत नाही.

गर्दीत वेळ कुठून आणायचा, हा रेसिडेंटचा प्रश्न खरा आहे. ओपीडीतील खिडक्या आणि डॉक्टरांची संख्या वाढवणे हे प्रशासनाचेच काम आहे आणि त्याचे खापर मुलांवर फोडू नये. पण २०१२ च्या कॅन्ससमधील अभ्यासात एकच सर्जन वॉर्डात खाटेजवळ बसून जेमतेम एक मिनिट बोलला, तेव्हा रुग्णांना तो पाच मिनिटे थांबल्यासारखा वाटला. उभ्याने दीड मिनिट बोलला, तेव्हा पावणेचार. म्हणजे प्रत्येक दोन खाटांमागे एक स्टूल हवे, आणि सध्या बहुतेक वॉर्डांत ते नातेवाइकांनाही पुरत नाही.

भाषेचेही असेच. शहापूर-मुरबाडचा कातकरी, दिव्याचा आगरी, मुंब्र्याचा उर्दू बोलणारा आणि बाहेरच्या राज्यातून शिकायला आलेला रेसिडेंट एकाच खोलीत असतात. इंटर्नशिपच्या पहिल्या आठवड्यात अशा डॉक्टरांना दुखणे, जळजळ, चक्कर, मळमळ, धाप, लघवीचा त्रास यांसाठीचे रोजचे मराठी शब्द आणि गोळ्यांच्या वेळा सांगण्याची वाक्ये तोंडपाठ करून घ्यावीत.

रुग्णांच्या प्रतिसादाचे हे गुण परीक्षेत किंवा पगारात मात्र जोडू नयेत. गुणांच्या भीतीने मुले मागेल त्याला सलाईन लावू लागतील. युनिटचे आकडे महिन्यातून एकदा त्याच युनिटच्या बैठकीत ठेवावेत, नावे न घेता, आणि त्या बैठकीला युनिटप्रमुखांनी स्वतः बसावे.

आपला,
वैद्यकीय शिक्षण क्षेत्रातील एक वाचक, ठाणे