समुपदेशक ताईंचे जाहीर आभार

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आल्यानंतर आमच्या घरात भांडण असे कधी झाले नाही. औषधांच्या वेळा, फिजिओथेरपी आणि दुधाचे बिल यांपलीकडे माझे यजमान आणि मी एकमेकांशी बोलेनासे झालो, एवढेच. ‘मोकळेपणाने बोला’ असे तेव्हा पुष्कळांनी सुचवले. काय बोलायचे ते आधी स्वतःला उमगावे लागते, हे मात्र फक्त आपण सांगितलेत, म्हणून हे जाहीर आभार.

दोघांचे ऐकून निवाडा द्यायचे आपण नाकारलेत आणि प्रत्येकाच्या हाती वेगळी वही दिलीत. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीला धरून आपण तीन रकाने आखायला सांगितलेत: घडलेली घटना, तिच्याविषयीची आपली समजूत आणि त्यातून उमटलेली भावना. ‘ह्यांना माझ्या कष्टांची किंमत नाही’ हे वाक्य मी घटनेच्या रकान्यात लिहिले होते. त्यावर बोट ठेवून आपण विचारलेत, “हे कॅमेऱ्यात दिसेल का?” दिसण्याजोगे होते ते इतकेच, की ते जेवून उठले, आईंच्या खोलीत डोकावले आणि न बोलता झोपले. बाकी सारी माझी समजूत होती आणि तिच्या मुळाशी, मी न सांगता त्यांनी ओळखलेच पाहिजे, हा आग्रह होता. ओळखले तर बरे वाटेल, ही झाली इच्छा. ओळखलेच पाहिजे, हा हट्ट. एलिस यांच्या विचारात या भेदाला फार महत्त्व आहे आणि स्वतःच्याच अक्षरात तो वाचल्यावर मला पुरता पटला. हट्टामागे राग होता, रागामागे शाळेतली नोकरी सोडावी लागण्याची, मी स्वतःशीही कधी न उच्चारलेली भीती होती.

मनात येईल ते बोलून टाकण्याला मी प्रामाणिकपणा म्हणणार नाही. त्या रात्री तसे बोलले असते, तर भीतीऐवजी फक्त राग त्यांच्यापर्यंत पोहोचला असता. वहीमुळे मी म्हणू शकले, “मला नोकरी सुटण्याची भीती वाटते. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी तुम्ही आईंजवळ थांबाल का?” मग त्यांनीही आपली वही वाचून दाखवली. आईचे सगळे माझ्यावर पडल्याची त्यांना लाज वाटत होती आणि त्या लाजेपायीच ते गप्प होते.

त्या दोन दुपारी आता ते घरी असतात. आपण कधीही कुणाची बाजू घेतली नाहीत, त्यामुळे आपल्याकडे येताना आम्हा दोघांनाही संकोच वाटला नाही, याबद्दल आम्ही विशेष ऋणी आहोत. यजमानांनी हे पत्र वाचले असून त्यांच्या संमतीनेच ते प्रसिद्ध करत आहे.

आपली कृतज्ञ,
एक शिक्षिका